पदवी झाली, हप्ता सुरू झाला



ही व्याख्यानमाला एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालते. अशा ठिकाणी शिक्षणाच्या महतीवर बोलण्याचा रिवाज आहे. ती महती आता जऊळक्याला कुणी सांगायला नको. सकाळच्या गाडीनं वाशीमला आणि अकोल्याला शिकायला जाणारी पोरं रोज इथल्या फलाटावर दिसतात. मी आज त्या शिक्षणासाठी काढलेल्या कर्जावर बोलणार आहे. पीककर्जाची चर्चा आपण पारावर, बाजारात, एसटीत उघड करतो. पोराच्या शिक्षणाच्या कर्जाचं पत्र मात्र घडी करून फडताळात जातं आणि तिथंच राहतं. आजचं माझं बोलणं त्या पत्राबद्दल आहे.

बँकेच्या नोकरीत मला एक प्रश्न कायम विचारला गेला. "साहेब, पोराच्या कर्जाची माफी कवा येते?" विचारणारा माणूस लबाड नव्हता. त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी माफ्या पाहिल्या होत्या. २००८ ची केंद्र सरकारची कर्जमाफी त्यानं पाहिली. तेव्हा दोन हेक्टरांची अट होती. कोरडवाहू जमीन पाच एकरांहून थोडी जास्त निघाली, म्हणून पूर्ण माफीच्या यादीबाहेर राहिलेली कितीतरी घरं आपल्या वऱ्हाडात आहेत, आणि तो सल अजून गेलेला नाही. पुढं २०१७ साली छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आली, दीड लाखाची. २०१९ साली महात्मा जोतीराव फुले यांच्या नावानं दोन लाखांची आली. इतकं पाहिलेल्या माणसानं माफीची वाट पाहिली, तर त्यात नवल नाही.

पण या सगळ्या योजना शेतीकर्जाच्या होत्या. शिक्षणाचं कर्ज त्यांपैकी एकाही योजनेत नव्हतं. ते शेतकऱ्याच्या घरातलं असलं, सातबाऱ्यावरच्या माणसानं सही केलेलं असलं, तरी नव्हतं. देशपातळीवर शिक्षणकर्जाला मोठा दिलासा मिळाला तो फेब्रुवारी २०१४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात. ३१ मार्च २००९ पर्यंत घेतलेल्या कर्जांवर ३१ डिसेंबर २०१३ रोजी थकलेलं व्याज सरकारनं आपल्या अंगावर घेतलं. सुमारे ९ लाख विद्यार्थी आणि २,६०० कोटी रुपये, असा तेव्हाच्या अर्थमंत्र्यांचा अंदाज होता. त्यातही मुद्दल माफ झालं नाही. ज्यांनी त्या आठवणीवर पुढची वर्षं हप्ता थांबवला, त्यांच्या खात्यावर व्याज चढत गेलं.

म्हणून पालकांना माझी कळकळीची विनंती आहे की पीककर्जाचा अनुभव या कर्जाला लावू नका. पीककर्ज हंगामाचं असतं. हे कर्ज मुलाच्या नावावर असतं, आधार आणि पॅनला जोडलेलं असतं, आणि तो पुण्यात गेला काय की हैदराबादेत गेला काय, पंधरा वर्षं त्याच्या सोबत चालतं.

आता हे कर्ज आतून कसं चालतं ते पाहू. २००१ साली इंडियन बँक्स असोसिएशननं आदर्श शैक्षणिक कर्ज योजना तयार केली आणि वेळोवेळी सुधारली. आज बहुतेक सरकारी बँका त्याच चौकटीत कर्ज देतात. चार लाखांपर्यंत स्वतःची रक्कम घालावी लागत नाही. साडेसात लाखांपर्यंत जमीन-घर तारण द्यावं लागत नाही, मात्र आई किंवा वडील सहकर्जदार म्हणून सही करतात. शिक्षणाचा काळ आणि त्यापुढं एक वर्ष हप्ता मागितला जात नाही. याला मोरेटोरियम म्हणतात. परतफेड पंधरा वर्षांपर्यंत करता येते.

मोरेटोरियममध्ये हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. समजा, एका मुलानं अभियांत्रिकीसाठी दर वर्षी एक लाख, असे चार लाख घेतले आणि व्याज दहा टक्के आहे. चार वर्षं शिक्षणाची, एक वर्ष नोकरी शोधायचं. सरळव्याजानं हिशेब केला तरी पाच वर्षांत १ लाख ४० हजार रुपये व्याज होतं आणि ते मुद्दलात मिळतं. पहिला हप्ता सुरू होतो तो ५ लाख ४० हजारांवर. पंधरा वर्षांची मुदत घेतली तर महिना साधारण ५,८०० रुपये. वर्षाचे जवळपास ७० हजार. २०२४-२५ साली सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. त्या भावानं वर्षाच्या हप्त्याला चौदा क्विंटलांहून जास्त सोयाबीन लागतं. आणि त्या हंगामात बाजारात हमीभाव किती जणांच्या पदरात पडला, ते इथं बसलेल्यांना मी सांगायला नको.

हाच हिशेब दुसऱ्या बाजूनं करा. केंद्राची व्याज अनुदान योजना २००९ पासून आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि शिक्षण तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल, तर मोरेटोरियममधलं सगळं व्याज केंद्र सरकार भरतं. कॅनरा बँक ही तिची मध्यवर्ती बँक. वरच्या उदाहरणातले ते १ लाख ४० हजार मुद्दलात मिळालेच नाहीत, तर हप्ता ४,३०० वर येतो, आणि पंधरा वर्षांत मिळून साधारण २ लाख ७० हजार रुपये वाचतात. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि वेळेवर दिलेला अर्ज, एवढ्याची ही किंमत आहे. माझ्या मते आपल्या भागातली खरी कर्जमाफी हीच आहे, आणि ती अर्ज न दिल्यामुळं हातची जाते.

तिच्या अटी मात्र प्रवेशाआधी वाचायला हव्यात. २०१८ पासून ही सवलत नॅकचं मूल्यांकन असलेल्या संस्थांना, एनबीएची मान्यता असलेल्या अभ्यासक्रमांना आणि राष्ट्रीय महत्त्वाच्या किंवा केंद्राच्या संस्थांना लागू आहे. कॉलेजच्या माहितीपत्रकावर रंगीत इमारत असते, नॅकची श्रेणी कुठंतरी कोपऱ्यात असते किंवा नसते. ती विचारा. शिक्षण मध्येच सोडलं तर अनुदान जातं, आजारपणासारखं कारण असेल तरच राहतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तिच्यात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर मोरेटोरियमपुरती तीन टक्के व्याजसवलत आहे. पण ती देशातल्या निवडक, सुरुवातीला ८६०, संस्थांपुरती आहे. आपल्या तालुक्याच्या आसपासच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलानं नुसतं नाव ऐकून तिच्यावर विसंबू नये. राज्यातल्या इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजनाही आहे. देशात शिकण्यासाठी दहा लाख आणि परदेशासाठी वीस लाखांपर्यंतच्या कर्जावर ती चालते. ती परतावा योजना आहे, म्हणजे व्याज आधी आपण वेळेवर भरायचं आणि मग ते परत मिळतं. थकीत खात्याला तिचा उपयोग नाही.

आणि मुळात कर्ज लहान कसं राहील ते पाहा. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहाच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाची योजना आहे. आपल्या अमरावतीकडच्या या माणसानं बहुजनांच्या पोरांसाठी वसतिगृहं आणि कॉलेजं उभी केली, म्हणून ते नाव तिथं शोभतं. २०२४ पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी माफ आहे. शिष्यवृत्तीचे पैसे उशिरा येतात हे खरं. आले की ते कर्जखात्यात भरा. बदलत्या व्याजदराच्या कर्जावर मुदतीआधी पैसे भरले तर बँकेला दंड लावता येत नाही. शिकत असताना नुसतं व्याज भरत राहिलं तरी मोठा फरक पडतो. आपल्या उदाहरणात पहिल्या वर्षी ते महिन्याला ८३३ रुपये होतं. असं व्याज भरणाऱ्याला एक टक्का व्याजसवलत देण्याची तरतूद आदर्श योजनेतच आहे.

आता त्या फडताळातल्या पत्राकडं येतो. मुलाचं शिक्षण संपतं. नोकरी लागत नाही, किंवा लागते ती बारा हजारांची, त्यात खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे जातात. पहिला हप्ता चुकतो. मुलाचा फोन नंबर बदललेला असतो. पत्र गावच्या पत्त्यावर येतं. बाप ते पोराला सांगत नाही, पोराला टेन्शन नको म्हणून. पोरगं बापाला सांगत नाही, बापाला लाज वाटेल म्हणून. दोघंही एकमेकांवरच्या मायेपोटी गप्प राहतात आणि नव्वद दिवस निघून जातात. नव्वद दिवस हप्ता थकला की खातं अनुत्पादक होतं, म्हणजे एनपीए. सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, दोन्ही नावं खराब होतात, मुलाचं आणि सहकर्जदार बापाचं. पुढच्या जूनमध्ये बाप पीककर्जाला जातो तेव्हा त्याला बँकेत बसवून ठेवतात. दोन कर्जं अशी एका घरात एकमेकांचा गळा धरतात. ज्या घरात शेती आणि शिक्षण दोन्ही उधारीवर आहे, तिथं ही कोंडी शहरातल्या पगारदार घरापेक्षा फार वाईट असते.

या नव्वद दिवसांच्या आत करता येण्यासारखं एक काम आहे, आणि ते फारच थोड्यांना माहीत आहे. आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत अशी तरतूद आहे की कर्जदाराची नोकरी गेली, मिळालीच नाही, किंवा अगदी कमी पगाराची मिळाली, तर कर्जाच्या पूर्ण काळात दोन-तीन वेळा, एका वेळी जास्तीत जास्त सहा महिने, हप्ता पुढं ढकलता येतो. अभ्यासक्रम वेळेत पुरा झाला नाही तर दोन वर्षांपर्यंत मुदतवाढ मिळू शकते. सुरुवातीला लहान आणि पगार वाढेल तसे मोठे, असे हप्तेही बांधून घेता येतात. हे मागावं लागतं. बँक आपण होऊन सांगत नाही.

कारंजा भागातल्या एका मुलीचं उदाहरण देतो. नर्सिंग झालं, खासगी रुग्णालयात लागली, हातात येणारा पगार हप्त्याच्या दुपटीएवढाही नव्हता. तिनं पहिला हप्ता येण्याआधीच अर्ज दिला. सोबत पगाराची पावती जोडली. शाखेत कुणी असा अर्ज पाहिलेला नव्हता. "असं काही नसते," हे पहिलं उत्तर. तिनं योजनेचा तो परिच्छेद छापून आणला होता. तिला सहा महिने मिळाले, आणि त्या सहा महिन्यांत तिनं दुसरी नोकरी शोधली. तिच्यात वेगळं असं काही नव्हतं. ती हप्ता चुकण्याआधी बोलली, एवढंच.

हप्ता थांबला तरी व्याज चालूच असतं, हेही तिला सांगितलं होतं आणि तुम्हालाही सांगतो. मुदतवाढ फुकट नसते. पण खातं नियमित राहतं, आणि पुढचं सगळं त्यावर अवलंबून असतं.

खातं बुडालंच असेल तर? इथं काही गैरसमज फार महाग पडतात. बँकेनं कर्ज निर्लेखित केलं, राइट-ऑफ केलं, अशी बातमी येते. ती बँकेच्या वहीतली गोष्ट आहे. वसुली चालूच राहते. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जांना २०१५ पासून केंद्राच्या निधीची ७५ टक्के हमी आहे, म्हणून "सरकार भरतेच" असं लोक म्हणतात. ती हमी बँकेसाठी आहे, कर्जदार तिच्यानं सुटत नाही. उरतो तो एकरकमी तडजोडीचा मार्ग. बँकेत थेट किंवा लोकअदालतीत तडजोड करता येते, बहुधा व्याजाचा बराच भाग सुटतो, कधी मुद्दलाचाही काही. पण सिबिलमध्ये त्या खात्यापुढं पूर्ण फेड झाली असं न लिहिता तडजोड झाली असं लिहिलं जातं, आणि पुढं घरासाठी कर्ज घेताना ते आडवं येतं. नोकरी लागायची शक्यता असलेल्या तेवीस वर्षांच्या मुलानं तडजोडीची घाई करू नये, असं माझं मत आहे. जिथं मुलगा आजारी आहे, शिक्षण सुटलं आहे, कमावणारं कुणी नाही, तिथं मात्र तडजोड हाच शहाणपणाचा रस्ता आहे. ती लेखी घ्या, आणि पैसे भरल्यावर ना-देय प्रमाणपत्र घेतल्याशिवाय बँकेची पायरी उतरू नका.

वसुलीवाल्यांबद्दल एक सांगतो, कारण या भीतीनं घरं मोडतात. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर कर्जदाराला फोन करू नये, धमकी देऊ नये, नातेवाइकांसमोर अपमान करू नये, असे रिझर्व्ह बँकेचे स्पष्ट नियम आहेत. तसं झालं तर बँकेकडं लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं विनाशुल्क जाता येतं. १४४४८ या क्रमांकावर त्याची माहिती मिळते. कर्ज थकणं हा गुन्हा नाही. कुणाही बापानं त्यापायी जिवाचं बरं-वाईट करून घेऊ नये. आपल्या वाशीम जिल्ह्यात हे वाक्य पुन्हा पुन्हा म्हणावं लागतं याचं मला फार दुःख आहे.

आता प्रश्न येतो की शिक्षणकर्जाची सरसकट माफी मागावी का. अमेरिकेत हा वाद टोकाला गेला. तिथल्या सरकारनं प्रत्येकी दहा ते वीस हजार डॉलर माफ करायचं ठरवलं, आणि ३० जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती योजना रद्द केली. माझं उत्तर सांगतो. मी सरसकट माफीच्या बाजूचा नाही, आणि त्याचं कारण इथल्याच घरांत आहे. ज्याचा बाप थकबाकीदार होता, म्हणून ज्याला कर्जच मिळालं नाही आणि जो बारावीनंतर मजुरीला गेला, त्याला त्या माफीतून काहीच मिळणार नाही.

फेडलेलं कर्ज परत आलं, तर त्या पैशानं पुढच्या मुलाला शिकता येतं. याचं एक उदाहरण आपल्याच राज्यात आहे. १८९२ साली जमशेटजी टाटांनी उच्च शिक्षणासाठी निधी काढला. ती शिष्यवृत्ती कर्जाऊ होती, शिकून आलेल्यानं परत करायची, म्हणजे पुढच्याला देता येईल. पहिल्या दोन मानकरी स्त्री डॉक्टर होत्या. एक फ्रेनी कामा आणि दुसऱ्या कृष्णाबाई केळवकर, ज्यांनी पुढं कोल्हापुरात रुग्णसेवा केली. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ तो निधी चालतो आहे.

पण एक अट विसरता येत नाही. परत करणाऱ्याची कमाई असावी लागते. ऑस्ट्रेलियानं १९८९ साली हप्ता थेट उत्पन्नाला जोडला. ठरावीक उत्पन्नाच्या वर गेलात तरच करासोबत हप्ता कापला जातो, खाली असाल तर नाही. इंग्लंडमध्येही तसंच आहे, आणि ठरावीक वर्षांनंतर उरलेलं कर्ज संपतं. आपल्याकडं हप्ता पंचांगाच्या तारखेनं सुरू होतो, पगार आला की नाही हे कुणी पाहत नाही. माझी पहिली मागणी हीच आहे, की शिक्षणकर्जाचा हप्ता उत्पन्नाला जोडा.

दुसरी मागणी सेवेची. अमेरिकेतच २००७ पासून असा कायदा आहे की सार्वजनिक सेवेत राहून १२० हप्ते भरले की उरलेलं कर्ज माफ होतं. आपल्याकडं याची मुळं त्याहून जुनी आहेत. १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांनी केला होता. १९१७ साली ते बडोद्याला रुजू झाले. संस्थानकडं करार होता, पण अस्पृश्य म्हणून त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी वसतिगृहातूनही हाकलण्यात आलं, आणि त्यांना मुंबईला परतावं लागलं. १९२० साली अपुरं शिक्षण पुरं करायला ते पुन्हा लंडनला गेले. त्या वेळी कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत होती आणि नवल भाथेना या मित्राकडून घेतलेलं पाच हजारांचं कर्ज होतं. या इतिहासातून मी एक गोष्ट घेतो. सेवेच्या बदल्यात कर्जमुक्ती द्यायची, तर सेवेच्या जागी माणसाला मानानं राहता आलं पाहिजे. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर का टिकत नाहीत, याचं उत्तर तिथल्या क्वार्टरची अवस्था पाहिली तरी मिळतं.

वाशीम हा नीती आयोगानं निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक आहे. राज्यात असे चारच आहेत. अशा जिल्ह्यात पाच किंवा सात वर्षं काम करणाऱ्या डॉक्टरचा, परिचारिकेचा, शाळेत विज्ञान शिकवणाऱ्याचा हप्ता त्या काळात शासनानं भरावा आणि शेवटी उरलेलं कर्ज संपवावं. राहायला धड घर द्यावं, पगार महिन्याच्या महिन्याला द्यावा. यातला माणूस इथलाच असेल तर तो टिकेल, कारण त्याचं घर जऊळक्यात, मेडशीत, शिरपुरात असेल.

हे होईपर्यंत एक काम आपल्या हातात आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बँकांच्या जिल्हास्तरीय समितीची बैठक दर तिमाहीला होते. तिथं पीककर्जाचं उद्दिष्ट किती पुरं झालं हे दर वेळी विचारलं जातं, वर्तमानपत्रात छापून येतं. आमदारांनी, जिल्हा परिषदेच्या सदस्यांनी आणि इथं बसलेल्या पत्रकारांनी यापुढं त्याच बैठकीत आणखी तीन आकडे शाखावार मागावेत. या वर्षी शिक्षणकर्जाचे किती अर्ज नाकारले आणि का, किती विद्यार्थ्यांचा व्याज अनुदानाचा दावा वेळेत पाठवला, आणि नोकरी नसल्यामुळं सहा महिन्यांची मुदतवाढ किती जणांनी मागितली, किती जणांना दिली.